उस्तादांची पट्टी आणि थोरली मेहुणी

“वाकलेलं लोखंड माझ्यासमोर आणून ठेवा, ते लाजून सरळ होतं!”

हे वाक्य फोरमन दिवसातून तीनदा तरी म्हणत असे. सकाळी कुलूप उघडताना एकदा, दुपारी डबा खाताना एकदा आणि कुणी नुसतं ‘काय, बरं आहे ना?’ विचारलं तरी एकदा. वर्कशॉपच्या फाटकावर त्याने तशी पाटीच ठोकली होती : ‘येथे सर्व प्रकारचे वाकडे सरळ करून मिळेल.’

आता फोरमन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पन्नास कामगार उभे राहिले असतील, तर त्यांना खाली बसवा. या वर्कशॉपात माणसं दोनच. एक फोरमन आणि दुसरी, जिच्यावर तो फोरमन होता ती वेल्डरबाई. बाई कामाला वाघ, पण तोंडाने मुकी. जन्मापासून नव्हे, फोरमनने केलेली! वर्कशॉपचा पहिला आणि शेवटचा नियम असा होता, की फोरमनच्या हातात हत्यार असताना कुणी तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असेल तर चहाच्या वेळी सांगायचं. आणि चहाच्या वेळी फोरमन स्वतः बोलत असे.

असा हा माणूस. गावभर नाव, हाताखाली एक बाई, भिंतीवर उस्तादांचा फोटो. पण बावीस वर्षं एक काटा त्याच्या काळजात रुतून बसला होता आणि त्या काट्याचं नाव सासरेबुवा.

लग्न ठरलं तेव्हा सासरेबुवा चार लोकांत म्हणाले होते, “मुलगा पाने-पक्कडवाला आहे, पण चालेल.” त्यातल्या ‘पण चालेल’ने फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि अजून खाली उतरायची होती. बरं, सासरेबुवा कौतुक करण्यात कंजूष असते तर समजू शकलो असतो. छे! छत्री एका झटक्यात उघडली तर ते छत्रीला ‘शाब्बास’ म्हणत. दार न कुरकुरता लागलं तर दाराला ‘शाब्बास’. एकदा तर जिन्यावर न अडखळता चढलेल्या शेजाऱ्याला म्हणाले होते. फक्त जावयाला म्हणायची वेळ आली, की त्यांना खोकला येत असे!

सासरेबुवांकडे साखळीवर चालणारा एक म्हातारा ट्रॅक्टर होता. चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना लोखंडी साखळ्या, पुढे माती ढकलायचं रुंद पातं, आणि आवाज असा की शेजारून जाणारी माणसं एकमेकांवर उगाचच ओरडायला लागत. हा ट्रॅक्टर त्यांनी मुलगी व्हायच्या दोन वर्षं आधी घेतलेला, म्हणून ते त्याला ‘थोरली’ म्हणत. मुलगी ती धाकटी. म्हणजे नात्याने बघितलं तर सात टन वजनाचा तो ट्रॅक्टर फोरमनची मेहुणी लागत होता. आणि बावीस वर्षांत सासरेबुवांनी थोरलीला एकदाही जावयाच्या हाताखाली येऊ दिलं नव्हतं. कसलंही दुखणं असो, तिला ते दुसऱ्याच एका मेकॅनिककडे नेत. धाकटी दिली, थोरली नाही! सांगा, माणसाला संताप येणार नाही तर काय होईल?

पण तो दुसरा मेकॅनिक म्हातारा झाला आणि धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला. आणि एका शनिवारी सकाळी थोरली एका मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून फोरमनच्या फाटकातून आत आली. मागोमाग हातात पिशवी घेऊन सासरेबुवा.

“जावईबापू,” ते म्हणाले, “डावीकडची साखळी सारखी उतरतेय. साखळी ज्यावरून फिरते त्या पुढच्या चाकाचं बूश, ते आसावरचं कडं, खाल्लं गेलं असणार. तेवढं बदला. शाळेचं मैदान सपाट करायला घेतलंय, पुढच्या सोमवारी पोरं तिथे धावणार आहेत. तोवर मी तुमच्याकडेच राहतो.”

फोरमनने हात पुसले. बावीस वर्षांनी देव पावला होता, आणि आल्या आल्या काम शिकवायला लागला होता!

“बाबा,” तो म्हणाला, “डॉक्टरकडे गेल्यावर माणसाने फक्त जीभ दाखवायची असते. रोगाचं नाव डॉक्टरला ठरवू द्यायचं.”

त्याने थोरलीला एक प्रदक्षिणा घातली. डाव्या बाजूला वाकून बघितलं, उजव्या बाजूला वाकून बघितलं, जिभेने ‘च्च’ केलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“फ्रेम वाकलीय!”

साखळीच्या आत, दोन्ही बाजूंना, माणसापेक्षा लांब अशी एक भक्कम लोखंडी तुळई असते. तिच्याखाली साखळीवरून पळणारे रोलर बसवलेले असतात. तिला म्हणतात ट्रॅक फ्रेम. ती सरळ, तर ट्रॅक्टर सरळ. ती वाकली की साखळीचं डोकं फिरतं.

“फ्रेम?” सासरेबुवा म्हणाले. “बूश वाटतंय मला. पण फ्रेमच असेल तर भंगारवाल्याकडे याच जातीच्या दोन पडल्यात. मी बघून आलोय. उचलून आणू आणि बदलून टाकू.”

“भंगारातली फ्रेम? माझ्या वर्कशॉपात?” फोरमन एवढ्या मोठ्याने ओरडला की भिंतीवरचा उस्तादांचा फोटो हलला. “अहो, हीच सरळ करतो! तीन दिवसांत! नाही केली तर नाव लावणार नाही!”

वेल्डरबाई हळूच म्हणाली, “साहेब, सरळ आहे का बघायला दोरी धरू का? या टोकापासून त्या टोकापर्यंत?”

“दोरी? हे काय वाण्याचं दुकान आहे, पुड्या बांधायला? पट्टी काढा!”

पट्टी! पट्टीचं जरा सांगायला हवं. उस्तादांनी जाताना फोरमनला दोनच गोष्टी दिल्या होत्या, एक स्वतःचा फोटो आणि दुसरी ही पट्टी. नऊ फूट लांब, चार बोटं रुंद, बोटभर जाड पोलाद. एका टोकाला वरच्या कडेवर उस्तादांच्या नावाचं अक्षर कोरलेलं. हे अक्षर कायम वर आणि कायम यंत्राच्या पुढच्या बाजूला ठेवायचं, असा दंडक. जगातली कुठलीही वस्तू सरळ आहे की नाही हे या पट्टीला विचारायचं. पट्टी सरळ आहे की नाही हे कुणाला विचारायचं, असा प्रश्न त्या वर्कशॉपात कुणाच्या मनात आला नव्हता. न्यायाधीशाला कोण विचारतं, की तुम्ही काल कुठे होता?

तेलकट फडकं सोडून पट्टी बाहेर आली. फोरमनने तिला हात जोडले, ट्रॅक्टरच्या मडगार्डला पहारीशेजारी टेकवून ठेवली आणि सासऱ्यांकडे वळला.

“आता बघा! आधी साखळी उतरवतो. इतर मेकॅनिक काय करतात, मान वळवून हत्यार शोधत बसतात. माझं तसं नाही. माझ्या हाताला डोळे आहेत. मागे हात केला की हवं ते हत्यार हातात!”

त्याने मागे न बघता हात केला. लोखंड हातात आलं. ते साखळीखाली घालून त्याने पाय रोवले.

“साहेब...” वेल्डरबाई म्हणाली.

“शूऽऽ! हातात काय आहे माझ्या?”

“तेच तर...”

“हत्यार आहे! मग नियम काय?”

बाईने तोंड मिटलं. फोरमनने सगळा भार टाकला. साखळी कुरकुरली, करकरली आणि धाडकन खाली उतरली. तो घाम पुसत वळला, लोखंड होतं तिथे टेकवलं आणि सासऱ्यांकडे आशेने बघितलं.

सासरेबुवा खुर्चीवर बसल्या बसल्या चहाच्या कपाकडे बघत होते. “शाब्बास!” ते म्हणाले. “साय धरली नाही हो याने.”

फोरमनने दात-ओठ खाल्ले आणि पट्टी उचलून डाव्या फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला लावली. अक्षर वर, अक्षर पुढे. दोन्ही टोकं टेकली, पण मधे अर्ध्या बोटाची फट! पलीकडून उजेड दिसत होता.

“या! या इकडे, बाबा! बूश म्हणत होता ना? दिसलं का बूश? मधोमध आत दबलीय! अर्धं बोट!”

सासरेबुवा उठले, डोळा लावून फट बघितली आणि “अरेच्चा” म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते जावयासमोर अरेच्चा म्हणाले होते. फोरमनला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं पोट भरलं होतं.

मग जे काम सुरू झालं त्याला खरंच तोड नव्हती. त्याने फ्रेम सोडवली, जाड साखळदंडांनी दोन गर्डरमधे जखडली, मागे मोठा जॅक लावला. वेल्डरबाईने गॅसच्या ज्योतीने फ्रेमचा मधला भाग असा तापवला, की तो आधी निळा, मग जांभळा आणि मग पिकल्या संत्र्याच्या रंगाचा झाला. फोरमन जॅकचा दांडा केसभर दाबायचा, थांबायचा, पट्टी लावायचा, पुन्हा केसभर. दोन दिवस हे चाललं. या दोन दिवसांत वेल्डरबाईने तीनदा ‘साहेब’ म्हटलं आणि तिन्ही वेळा फोरमनच्या हातात काही ना काही होतं. एकदा तर नुसता नखं कापायचा कटर होता, पण नियम म्हणजे नियम!

घरी वेगळीच तऱ्हा. सासरेबुवा फोरमनच्या खुर्चीत बसत, फोरमनच्या पंख्याखाली. जेवताना भाजीला शाब्बास, आमटीला शाब्बास.

“आणि काम कसं चाललंय, बाबा?” बायकोने मुद्दाम विचारलं. ती घरी शिवणकाम करायची आणि नवऱ्याच्या मनातलं तिला उसवल्या शिवणीसारखं आरपार दिसायचं.

“चाललंय,” सासरेबुवा म्हणाले. “हात बरा आहे त्यांचा. पण...”

आणि ते ताक प्यायला लागले! ‘पण’ ताटाशेजारी तसाच पडून राहिला.

मंगळवारी दुपारी फ्रेम पट्टीला अशी चिकटली, की मधून कागद जाईना. ती बसवली, साखळी चढवली. सासरेबुवा थोरलीवर चढून बसले. इंजिन धडधडलं. बायको डबा घेऊन आलेली, तीही फाटकाशी थांबली.

“सरळ घ्या, बाबा! थेट फाटकातून बाहेर!”

थोरली निघाली. पाच पावलं सरळ गेली, सहाव्या पावलाला तिने उजवीकडे मान वळवली आणि फाटक सोडून फाटकाच्या खांबाकडे निघाली.

“बाबा, डावीकडे! डावीकडे!”

“मी डावीकडेच सांगतोय तिला! ती ऐकतेय कुठे?”

धाड! खांब कलला. पाटीचा एक खिळा निसटला आणि ‘येथे सर्व प्रकारचे वाकडे सरळ करून मिळेल’ ही अक्षरं तिरकी लोंबायला लागली.

कुणाला राग यायला हवा होता? पाटीच्या मालकाला! आणि आलाच.

“चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवताय आणि साधं फाटक दिसत नाही? एका बाजूचा वळायचा दांडा ओढून धरला असणार तुम्ही!”

“मी? दांडा ओढला?” सासरेबुवा वरून गरजले. “तुमच्या जन्माआधी... बरं, जन्मानंतर लगेच, मी दांडे धरतोय!”

“मग ही फ्रेम सरळ आहे, हे बघा!” फोरमनने धावत जाऊन पट्टी आणली आणि लावली. अक्षर वर, अक्षर पुढे. कुठेही फट नाही. “सरळ आहे ना? आहे ना? मग वाकडं कोण राहिलं?”

फोरमन आता पेटला होता. तो पट्टी घेऊन दुसऱ्या बाजूला गेला आणि उजव्या फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला लावली. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या बोटाची फट!

“सापडली! उजवीही वाकलीय! ती आत दबलेली, ही बाहेर फुगलेली! बाबा, असल्या दोन वाकड्या फ्रेमवर तुम्ही इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवत होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता? धन्य आहे!”

“इतकी वर्षं ती सरळ जात होती!”

“ते तुम्हाला वाटत होतं!”

वेल्डरबाईने हात वर केला. फोरमनने पट्टी वर करून दाखवली, म्हणजे हातात हत्यार आहे. बाईने हात खाली घेतला.

पुन्हा जॅक, पुन्हा गॅस, पुन्हा केसभर. पण आता वर्कशॉपातली हवाच बदलली होती. सासरेबुवा चहाला शाब्बास म्हणेनात. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा रोज फोन येत होता, की मैदानात अर्धवट ढिगारे पडलेत आणि पोरांनी त्यांच्यावर चढायला सुरुवात केलीय. सासरेबुवा फोनवर, “जावई करतायत. हो, माझेच जावई,” असं अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला धीर द्यावासा वाटे. शुक्रवारी सकाळी उजवी फ्रेमही पट्टीला कागद न जाण्याइतकी चिकटली.

या वेळी फोरमनने आपणहून मागचं मोठं आवार मोकळं केलं. उगाच खांबांना त्रास नको.

थोरली निघाली. आणि काय सांगू! खडखड नाही, करकर नाही. दोन्ही फ्रेम एकमेकींना इतक्या समांतर, की साखळ्या लोण्यातून गेल्यासारख्या फिरत होत्या. फोरमनची छाती फुगायला लागली. ट्रॅक्टर आवारात पुढे गेला, हळूहळू उजवीकडे वळला, वळतच राहिला, शेडला वळसा घालून मागे गेला आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने निघाला होता तिथेच येऊन पोचला.

“बाबा, सरळ जायचंय! गोल काय फिरताय?”

“मी फिरतोय?”

“मग काय, मी फिरतोय? दांडे सोडा ते!”

सासरेबुवांनी दोन्ही हात वर केले. पोलिसांनी धरल्यासारखे हात वर करून ते बसून राहिले आणि थोरली त्यांना घेऊन पुन्हा शेडला वळसा घालायला गेली. दाव्याला बांधलेल्या गुरासारखी ती एकाच गोलात फिरत होती. दुसऱ्या फेरीला सासरेबुवा समोरून गेले तेव्हा त्यांचे हात वरच होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी जाता जाता सुनावलं, “जावईबापू, मैदान सरळ आहे हो त्या शाळेचं! सर्कस नाहीये ती!”

डबा घेऊन आलेली बायको तोंडाला रुमाल लावून उभी होती. फोरमनने तिच्याकडे असं बघितलं, की रुमाल आणखी घट्ट झाला.

थोरली थांबवली. फोरमनने डाव्या बाजूला पट्टी लावली, फट नाही. उजव्या बाजूला लावली, फट नाही. त्याने पट्टी जमिनीवर ठेवली आणि आकाशाकडे हात केले.

“दोन्ही फ्रेम सरळ! साखळ्या सरळ! आणि तरी ही बया गोल फिरते! हा ट्रॅक्टरच बनवताना वाकडा बनवलाय! कारखान्यातल्या माणसांना काही लाज?”

“अहो,” बायको म्हणाली, “आणि ही पट्टी?”

“पट्टीचं काय?”

“नाही, आम्ही कापड बेतताना कड सरळ आहे का ते दुमडून बघतो. एक कड दुसरीवर ठेवायची. जुळली तर सरळ. तुमची पट्टी कधी उलटी करून बघितलीत का?”

“उस्तादांची पट्टी? उलटी? अक्षर खाली?” फोरमनने कानांवर हात ठेवले.

बायकोने कुणाची परवानगी घेतली नाही. तिने शेडच्या सपाट फरशीवर पट्टी उभ्या कडेवर ठेवली, पिशवीतल्या शिवणखडूने तिच्या कुशीला लागून एक रेघ मारली. मग पट्टी उलटी केली, अक्षर खाली, आणि त्याच दोन टोकांना धरून पुन्हा रेघ मारली. पट्टी उचलली.

दोन रेघा टोकांना भेटत होत्या आणि मधे एकमेकींपासून फुगून दूर गेल्या होत्या. फरशीवर नऊ फुटी मासा काढल्यासारखं दिसत होतं. माशाचं पोट बोटभर रुंद होतं.

सासरेबुवा पुढे वाकून त्या माशाकडे फार कौतुकाने बघत होते.

“म्हणजे,” बायको म्हणाली, “वाकडी फ्रेम नव्हतीच. तुम्ही दोन्ही फ्रेम या पट्टीसारख्या करून ठेवल्यात. एकीसारखी एक, एकाच बाजूला वाकलेल्या.”

“अगदी हुबेहूब,” वेल्डरबाई म्हणाली. “केसाचा फरक नाही.”

फोरमनने कपाळावर हात मारला. सबंध आठवडा त्याने, गावात कुणाला जमणार नाही अशा सफाईने, सासऱ्यांच्या दोन सरळ फ्रेम वाकड्या केल्या होत्या! पण तो हात कपाळावर किती वेळ राहणार? तो लगेच संतापाने वर उठला.

“पट्टीला हात कुणी लावला? कुणी वाकवली माझ्या उस्तादांची पट्टी? बाबा, तुम्ही हिच्यावर बसला होता का? अगं, तू हिच्यावर कपडे वाळत घातलेस? बोला ना! आता सगळे गप्प का?”

वेल्डरबाईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“साहेब, बोलू का? आत्ता तुमच्या हातात काही नाहीये ना?”

फोरमनने आपले हात बघितले. रिकामे होते.

“पहिल्या दिवशी,” बाई म्हणाली, “तुम्ही न बघता मागे हात केलात. पहार आणि पट्टी शेजारी-शेजारी होत्या. तुमच्या हाताने पट्टी घेतली आणि तुम्ही तिने साखळी उचकटलीत. मी सांगायला गेले, तर तुम्ही शूऽऽ केलंत. मग मी तीनदा सांगायला आले. आणि पुढच्या चाकाचं बूश गेलंय, तेही सांगायचं होतं. अर्धं झिजलंय ते. चाक हाताने हलतंय.”

“खोटं! माझ्या हाताला डोळे आहेत!”

“असतील,” सासरेबुवा म्हणाले. “पण मिटलेले.”

फोरमनने पट्टी उचलून बघितली. मधोमध, एका अंगाला, साखळीच्या खिळीचा ताजा वळ उमटला होता. त्यात अजून ग्रीस होतं. तो जॅकवर बसला. भिंतीवरून उस्ताद बघत होते आणि फोरमनने पहिल्यांदाच त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. बावीस वर्षं वाट बघितलेली थोरली हातात आली, आणि आपण तिला गोल फिरायला शिकवलं! आता सासरेबुवा ट्रक बोलावतील, भंगारवाल्याकडून फ्रेम आणतील, आणि ‘पाने-पक्कडवाला’च्या पुढचं ‘पण चालेल’ही काढून टाकतील.

“बाबा,” तो खाली बघून म्हणाला, “माझं चुकलं. भंगारवाल्याच्या फ्रेम आणू या. मी बसवून देतो.”

सासरेबुवांनी खुर्ची जॅकजवळ ओढली.

“वाकडं कुणी केलं, एवढ्या सफाईने?” ते म्हणाले.

“मी.”

“मग सरळ करायला दुसरा कशाला हवा? दोन दिवस आहेत.”

बायकोने पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. “दोरी मी धरते. बाई, तुम्ही त्या टोकाला जा.”

ते दोन दिवस फोरमन कधी विसरणार नाही. नियम पार बुडाला! दोन बायका दोन टोकांना दोरा ताणून उभ्या आणि दोघींची तोंडं अखंड चालू. “अहो, थोडं अलीकडे.” “साहेब, बास!” “बास म्हटलं ना, ऐकू येतं का?” “आता पहार. पहार! ती बघून घ्या आधी!” हातात हत्यार असलेल्या माणसाशी असं बोलतात का? पण तो निमूट वळून, डोळ्यांनी बघून, प्रत्येक हत्यार नाव घेऊन उचलत होता. फ्रेम तापत होत्या, जॅक केसभर सरकत होता, आणि दोरा आणि लोखंड यांच्यातली फट कमी कमी होत गेली. रविवारी सकाळी नवं बूश बसलं. दुपारी साखळ्या चढल्या.

बायकोने मागच्या आवारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूची लांब रेघ मारली. सासरेबुवा वर चढले, थोरलीला रेघेवर उभं केलं, आणि दोन्ही हात आपणहून वर केले.

फोरमनने डोळे मिटले. हाताचे नव्हे, खरे.

आवाज पुढे गेला. आणखी पुढे गेला. वळला नाही. पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन थांबला. त्याने डोळे उघडले तेव्हा खडूची रेघ दोन साखळ्यांच्या ठशांच्या बरोबर मधोमध, पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच होती.

सासरेबुवा खाली उतरले. डोळे जरा ओले होते. ते जावयाकडे यायला निघाले. फोरमनने घाईघाईने हात पुसले, केस मागे सारले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

वाटेत सासरेबुवा थांबले. त्यांनी थोरलीच्या पात्यावर थाप मारली. “शाब्बास, थोरले!”

मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास, धाकटे!”

मग वेल्डरबाईकडे वळले. “शाब्बास, बाई! चार वेळा तोंड उघडलंत, कमाल आहे.”

मग खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचललं, धूळ झटकली. “शाब्बास!”

मग ते फोरमनसमोर आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोंड उघडलं.

आणि सासरेबुवांना खोकला आला!

खोकला थांबल्यावर त्यांनी खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि जावयाच्या हातात दिली. “मैदानापर्यंत तुम्हीच न्या तिला,” ते म्हणाले. “मी मागून चालत येतो. आणि हत्यार उचलताना बघत जा.”

मैदान सोमवारच्या आधी सपाट झालं. पट्टी फोरमनने दोरा लावून सरळ केली आणि आता ती पहारीपासून वीस पावलं लांब टांगलेली असते. फाटकावरची पाटी अजून तिरकीच आहे. वेल्डरबाई चहाच्या वेळीही बोलते आणि काम चालू असतानाही बोलते, आणि या प्रकाराबद्दल आपला तीव्र निषेध आहे, असं फोरमन भेटेल त्याला सांगतो. मात्र तिने ‘साहेब’ म्हटलं, की आधी हातात काय आहे ते बघतो.

आणि त्या शाब्बासबद्दल कुणी विचारलंच, तर तो कमरेवर हात ठेवून म्हणतो, “एकदा नाही, चार वेळा म्हणाले. आता नेमकं कुणाला म्हणाले, त्या खोलात कशाला शिरायचं? म्हणाले ते माझ्या आवारात म्हणाले ना!”